घर विकलं गेलं, आता डिपॉझिट कोणाकडे मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळे सौदागरला टू बीएचके, भाडं २८ हजार, डिपॉझिट १ लाख, ११ महिन्यांचं रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स. सातव्या महिन्यात ओनरने फ्लॅट विकला आणि फोनवर सांगितलं की आता भाडं नवीन ओनरला द्या, डिपॉझिटचं आमचं आपापसात बोलणं झालंय, तेच देतील. तीन महिने भाडं नवीन माणसाला गेलं. आता पुढच्या महिनाअखेर मुदत संपतेय, नवीन ओनरला स्वतः राहायला यायचंय, आणि डिपॉझिटचं विचारलं तर तो म्हणतो मी तुमच्याकडून एक रुपया घेतलेला नाही, ज्याला दिला त्याला मागा. जुना ओनर आधी फोन तरी उचलायचा, आता नुसत्या ब्लू टिक.

पुण्यात बावीस वर्षं वकिली करतोय आणि त्यातला बराच वेळ भाड्याच्याच भानगडींत गेलाय, त्यामुळे ही गोष्ट दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतंच. गंमत म्हणजे दोघं ओनर एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधला माणूस समजतो की आता आपले पैसे बुडाले. बुडालेले नसतात. पण तुम्ही ज्या माणसाच्या मागे लागलाय तो बहुतेक चुकीचा आहे.

पैसे ज्याने घेतले त्याच्याकडे मागा. म्हणजे जुन्या ओनरकडे. तुम्ही डिपॉझिट दिलं म्हणजे काय केलं, तर त्या माणसाला १ लाख बिनव्याजी वापरायला दिले आणि घर सोडताना परत घ्यायचं ठरवलं, आणि हे त्याने सही करून, अंगठा लावून, सरकारदरबारी नोंदवून मान्य केलंय. त्याने फ्लॅट विकला, गाडी विकली, काय वाटेल ते विकलं तरी तुमचं देणं त्याच्या डोक्यावरून उतरत नाही. देणेकरी आपलं देणं परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात टाकू शकत नाही, त्याला घेणेकऱ्याची संमती लागते, आणि इथे घेणेकरी तुम्ही आहात. "आमचं बोलणं झालंय" हे त्या दोघांचं बोलणं. त्यात तुम्ही कुठे होता?

आता जरा कायद्याचं, कंटाळा आला तरी वाचा कारण नवीन ओनरने वकील गाठला तर तो हेच काढणार आहे. महाराष्ट्रात आपण जे अ‍ॅग्रीमेंट करतो ते लीव्ह अँड लायसन्स, बोलताना आपण सगळे भाडेकरू म्हणतो पण कागदावर तुम्ही लायसन्सी, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी मिळालेला माणूस. भारतीय सुविधाधिकार कायदा म्हणून एक १८८२ चा कायदा आहे, त्याच्या कलम ५९ मध्ये सरळ म्हटलंय की लायसन्स देणाऱ्याने मिळकत विकली तर घेणारा त्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. म्हणजे "फ्लॅटबरोबर अ‍ॅग्रीमेंटपण नवीन ओनरकडे गेलं, आता त्यानेच पैसे द्यावेत" हे लोकांना फार लॉजिकल वाटतं पण लायसन्समध्ये तसं नाही. खरी भाडेपट्ट्याची टेनन्सी असेल तर वेगळं, तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (तोही १८८२ चाच) कलम १०९ लागतं. त्यात भाडेकरूला मोठी छान मुभा दिलीय की वाटलं तर नव्या मालकाला जबाबदार धर, आणि तू तसं निवडत नाहीस तोवर जुनाही सुटत नाही. आपली पोरं बंगळूरला राहतात, तिथे रेंटल अ‍ॅग्रीमेंट असतं आणि पूर्वापार दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायची पद्धत, त्यांना हे १०९ कामाला येतं. पण दोन्हीत एक गोष्ट सारखीच बघा, जुना ओनर आपोआप कुठेच सुटत नाही.

तो सुटतो कधी, तर तुम्ही स्वतः त्याला सोडता तेव्हा. आणि लोक नकळत सोडतात हो! दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, आयटीतला, हुशार. नवीन ओनरने त्याला सांगितलं जुनं अ‍ॅग्रीमेंट कॅन्सल करून माझ्या नावाने नवीन करू, याने आधार लावला, अंगठा दिला, मोकळा. नवीन अ‍ॅग्रीमेंटमध्ये डिपॉझिटच्या रकान्यात काय, तर शून्य. आणि कॅन्सलेशनच्या कागदात एक ओळ होती की उभयतांचे एकमेकांकडे काही येणे-देणे राहिलेले नाही. ८४ हजार होते त्याचे. मिळाले शेवटी, पण दीड वर्ष गेलं आणि पूर्ण नाही मिळाले. ती एक ओळ त्याने वाचली असती तर माझ्याकडे यायचीच गरज नव्हती. त्यामुळे तुमच्यासमोर या महिनाभरात कुठलाही कागद आला, कॅन्सलेशन म्हणा, एनओसी म्हणा, सोसायटीचा मूव्ह-आऊट फॉर्म म्हणा, त्यात "येणे-देणे नाही" किंवा "डिपॉझिट मिळाले" असं काही असेल तर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही नाही.

मग नवीन ओनरला मोकळं सोडायचं का? अजिबात नाही, पण त्याच्यावर बोट ठेवायला काहीतरी कागद पाहिजे, आणि तो कागद बहुतेक वेळा असतो, फक्त तुमच्या हातात नसतो. रिसेलच्या व्यवहारात, फ्लॅटमध्ये कुणी राहत असेल तर दोन प्रकार चालतात. एक, विकणारा खरेदीखतात लिहून देतो की मी रिकामा ताबा देतोय, म्हणजे तुम्हाला काढायची आणि डिपॉझिट फेडायची जबाबदारी त्याची. दुसरा, घेणारा म्हणतो राहू दे भाडेकरूला, पण त्याचं डिपॉझिट किमतीतून कापून दे. समजा ७० लाखाचा फ्लॅट आहे, तर हा हिशेबाला १ लाख कमी देणार आणि ते तुम्हाला परत करायची हमी घेणार. होम लोन असेल तर बँकेचा चेक पूर्ण निघतो म्हणून कधी कधी विकणारा तो १ लाख वेगळा ट्रान्सफर करतो. यातलं काय झालं हे खरेदीखतात किंवा आधीच्या साठेखतात बरेचदा लिहिलेलं सापडतं.

आणि तो दस्त तुम्हाला बघता येतो, हे लोकांना माहीतच नसतं. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकून इंडेक्स टू काढता येतो, त्यात विकणारा कोण, घेणारा कोण, दस्ताची तारीख, सब-रजिस्ट्रार ऑफिस, दस्त नंबर सगळं येतं. तो नंबर घेऊन त्या ऑफिसात सर्टिफाइड नक्कल मागायची. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे खरेदीखतासारख्या दस्ताची नक्कल कुणीही फी भरून मागू शकतो, मालकाची परवानगी लागत नाही. काउंटरवर "तुमचा काय संबंध" विचारतील, शांतपणे अर्ज पुढे करायचा. ठाण्याच्या एका जोडप्याचं हेवी डिपॉझिट होतं ६ लाख, भाडं नावाला. घेणारा छातीठोकपणे सांगत होता की मला काही माहीतच नाही. नक्कल काढली तर आठव्या पानावर लिहिलेलं, सदर ६ लाख रुपये खरेदीदाराने मोबदल्यातून राखून ठेवले आहेत आणि ते लायसन्सीला परत करण्याची जबाबदारी खरेदीदाराची राहील. मी फक्त त्या पानाचा फोटो पाठवला. चार दिवसांत आरटीजीएस.

तुमच्या केसमध्ये अजून एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. नवीन ओनरने तीन महिने भाडं घेतलंय, २८ हजारच, त्याच तारखेला, म्हणजे जुन्या अ‍ॅग्रीमेंटच्या अटीने. मग फायद्याच्या अटी चालतात आणि डिपॉझिटची अट चालत नाही असं कसं? हा मुद्दा कोर्टात शंभर टक्के जिंकेल असं मी म्हणणार नाही पण नोटिशीत तो लिहिला की समोरचा वकील आपल्या अशिलाला सेटलमेंटचा सल्ला द्यायला लागतो, हे अनुभवाने सांगतो.

आता लोक काय करतात, शेवटची दोन-तीन महिन्यांची भाडी देतच नाहीत, म्हणतात डिपॉझिटमधून वळती करा. ओनर बदललेला नसेल तर हा देशी उपाय चालून जातो, मीही खासगीत कुणाला अडवत नाही. पण तुमच्या केसमध्ये जपून. डिपॉझिट जुन्याकडे आणि भाड्याचा हक्क नवीनकडे, त्यामुळे तुम्ही भाडं थांबवलं तर फटका ज्याला बसतो त्याच्याकडे तुमचे पैसे नाहीतच, आणि तो म्हणायला मोकळा की भाडं थकवलं. दोघांनी लेखी मान्य केलं तरच वळतं करा, नाहीतर भाडं वेळेवर देऊन टाका, यूपीआयच्या रिमार्कमध्ये महिना लिहून.

दुसरा उपाय लोक करतात तो म्हणजे घर न सोडणे. इथे आधी तुमचं अ‍ॅग्रीमेंट नीट वाचा. बऱ्याच ड्राफ्टमध्ये एक कलम असतं की डिपॉझिट परत न दिल्यास लायसन्सी पैसे मिळेपर्यंत भाडं न देता राहू शकेल, काहींमध्ये वर व्याजही असतं. तुमच्यात असेल तर तुमचं वजन खूप वाढतं, जुन्याला अंगठा दिलेली गोष्ट नाकारता येणार नाही, जरी नवीन ओनर म्हणेल की मला ते लागू नाही. आणि नसेल तर मुदतीनंतर एक दिवसही बसू नका, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ मध्ये मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट दराने नुकसानभरपाई आहे, म्हणजे २८ चे ५६ हजार महिन्याला. दोन महिन्यांत तुमचंच डिपॉझिट संपून वर देणं लागाल.

पण घर वेळेवर सोडणं आणि चावी गुपचूप वॉचमनकडे ठेवून जाणं यात फरक आहे ना. नवीन ओनरला राहायला यायचंय, त्याचा ईएमआय सुरू झालाय, कदाचित तोही कुठे भाड्याने राहतोय आणि तिकडची नोटीस देऊन बसलाय. त्याला तुमच्या १ लाखात काही रस नाही पण त्या चावीत आहे. आणि जुन्या ओनरचा फोन तुमच्याकडून उचलला जात नसला तरी त्याच्याकडून उचलला जातो, कारण सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, लाईट बिलाचं नाव, पार्किंग असं काहीतरी त्यांचं अजून अडकलेलं असतंच. म्हणून मुदत संपायच्या निदान तीन आठवडे आधी नवीन ओनरला सांगा, भांडणाच्या सुरात नाही, की मी तारखेला घर रिकामं करणारच आहे, तुम्ही, जुने ओनर आणि मी असे तिघं एकदा बसू, सोसायटीच्या ऑफिसात नाहीतर ज्या एजंटने व्यवहार केला त्याच्याकडे. सेक्रेटरीला सोसायटी म्हणून तुमच्या पैशात पडायचा काही अधिकार नाही पण त्याच्यासमोर माणूस खोटं बोलायला जरा लाजतो. माझ्याकडची कितीतरी प्रकरणं या अशा चहाच्या मीटिंगमध्येच मिटलीत, आणि वकील म्हणून हे सांगताना माझंच नुकसान आहे!

त्या मीटिंगमध्ये जुना ओनर म्हणाला की आत्ता पैसे नाहीत, महिन्याभरात देतो, तर तोंडी कबूल करू नका, पुढच्या तारखेचा चेक घ्या. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं (चेक न वटण्याबद्दलचं) कलम १३८ लागतं, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला, आणि नाही दिले तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. तारखा चुकवायच्या नाहीत. फौजदारी केसची भीती साध्या दाव्यापेक्षा जास्त असते हे वेगळं सांगायला नको. चेक नाहीच देत म्हणाला तर निदान लिहून घ्या की मी अमुक इतकं देणं लागतो.

निघताना व्हिडिओ काढा, सगळ्या खोल्या, नळ, गिझर, मीटरचं रीडिंग तारखेसकट. जुना ओनर नंतर रंगाचे नि क्लीनिंगचे पैसे कापायला बघेल, तर त्याला विचारायचं की तुम्ही तर चार महिन्यांपूर्वीच घर विकून मोकळे झालात, रंग कुणाच्या भिंतीला देताय? खरंच, विकलेल्या घराच्या रंगाचे पैसे मागणारे महाभाग मी पाहिलेत.

यातून नाही जमलं तर नोटीस. वकिलामार्फत, दोघांच्या नावे, जुन्याला मुख्य आणि नव्याला सोबत. त्यात रक्कम, अ‍ॅग्रीमेंटचा दस्त नंबर, घर सोडल्याची तारीख, आणि व्याजाची मागणी स्पष्ट लिहा. डिपॉझिट बिनव्याजी असतं ते मुदतीपर्यंत, नंतर अडकवून ठेवलं तर व्याज मागता येतं, पण ते नोटिशीत लेखी मागितलेलं असलेलं बरं. पोचपावतीसह पोस्टाने पाठवा आणि तीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप, ईमेलवरही टाका. पोलीस स्टेशनला जाऊन काही होत नाही, ते दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं.

कोर्टाचं म्हणाल तर १ लाखासाठी एकदम दावा लावायच्या आधी शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करा, लोकअदालतीसाठी. कोर्ट फी नाही, आणि तिथे तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र त्याला ओढून आणता येत नाही, मग दावा. लेखी अ‍ॅग्रीमेंट आहे, रक्कम ठरलेली आहे, तेव्हा समरी सूटसारखा (लेखी देण्यासाठीचा झटपट दावा) प्रकार लवकरचा पडतो, कोर्ट कुठलं ते तुमचा वकील अ‍ॅग्रीमेंट बघून ठरवेल. मुदत तीन वर्षं, पैसे परत करायची तारीख उलटली तेव्हापासून. मधे त्याने लेखी कबूल केलं की हो द्यायचेत, तर तिथून मुदत पुन्हा सुरू होते, म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅप चॅट जपून ठेवा, आणि फोन बदलणार असाल तर जुना विकू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

एक उपप्रश्न नेहमी येतो म्हणून इथेच सांगतो, "अ‍ॅग्रीमेंटमध्ये ५० हजारच लिहिलेत, बाकीचे ५० कॅशने दिले". का लिहिले नाहीत तर म्हणे स्टॅम्प ड्युटी वाढते. अहो, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर ड्युटी धरताना वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर पाव टक्का. ५० हजाराचं व्याज ५ हजार, त्याचा पाव टक्का साडेबारा रुपये. साडेबारा रुपयांसाठी ५० हजाराचा पुरावा सोडून दिला! अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच नसेल, नुसतं नोटराइज्ड असेल, तर उलट थोडं बरं आहे, कारण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलीय आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते धरायचं, मालकाने खोटं पाडेपर्यंत. ११ महिन्यांचं असलं की रजिस्टर लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे.

जुना ओनर वारला असेल तर वारसांकडे मागता येतं, पण त्यांना जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतंच. आणि बँकेने लिलावात फ्लॅट विकला असेल तर घेणाऱ्याकडून आशा ठेवू नका, पैसे कर्जदार ओनरकडेच आणि ज्याचं घरच लिलावात गेलं त्याच्याकडून वसूल करणं किती अवघड ते समजून घ्या. म्हणून हेवी डिपॉझिटवाल्यांना मी कायम म्हणतो, ५-१० लाख देण्याआधी ओनरचं लोन किती आणि हप्ते चालू आहेत का ते विचारा, लाज वाटून घेऊ नका.

तुमच्यासाठी आजचं काम एवढंच. झोपायच्या आधी जुन्या ओनरला हा मेसेज टाका, नवीन ओनरला त्याच ग्रुपमध्ये घेऊन: "अमुक दस्त नंबरच्या अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे मी आपल्याकडे १ लाख रुपये डिपॉझिट ठेवले आहे. आपण फ्लॅट विकल्याचे मला फोनवर कळवले. डिपॉझिटची जबाबदारी दुसऱ्याकडे देण्यास मी कधीही संमती दिलेली नाही. मी अमुक तारखेला घर रिकामे करून चावी देत आहे, त्याच वेळी रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. आपण ती नवीन मालकांना दिली असल्यास कधी आणि कशी दिली ते दोघांनी इथेच लिहावे." शिवीगाळ नाही, रागाचे इमोजी नाहीत. दोघांपैकी एकजण तरी चिडून उत्तर देतोच, आणि चिडलेला माणूस बरेचदा खरं लिहून जातो. आलं की लगेच स्क्रीनशॉट काढा, डिलीट करायच्या आत.